रबराची बाही

गाडी वळेना, म्हणून मी खाली उतरले, रस्त्याकडेच्या मातीत आडवी झाले आणि पुढच्या डाव्या चाकाच्या मागे हात घातला. मागच्या सीटवर बाबा ओरडत होते. आय त्यांचा सुजलेला हात मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीतून मला हाका मारत होती, "सुटली का? बग ना नीट, सुटली का?" स्टेरिंगवर माझा मोठा भाऊ होता. वळणावर गाडी वळलीच नव्हती. सरळ रस्ता ओलांडून पलीकडच्या मातीत घुसली होती आणि थांबली होती. दादा एवढंच पुटपुटला होता, "स्टेरिंग फिरत नाय. तुझी पट्टी अडकली."

ती पट्टी मी बांधली होती. चाकाच्या आतल्या बाजूला एक रबर असतं, ते फाटलं होतं म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी करून मी ती जाळ्याच्या दोऱ्यानं बांधली होती. मी बोटांनी चाचपलं. दोरा घट्ट होता. गाठी जागच्या जागी होत्या. ट्यूब कुठे सरकली नव्हती, फाटली नव्हती. हात बाहेर काढून बघितला, तर ग्रीसचा ठिपकाही नाही. मला खरं वाटेना. मी परत हात घातला आणि परत तेच.

"पट्टी चांगली हाय," मी खालूनच ओरडले.

"मंग गारी वलत का नाय?" आय म्हणाली.

दादा काही बोलला नाही. मला वाटलं, रागावला.

आधी गाडीचं सांगते, कारण घोळ तिच्यापासून सुरू झाला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. गाडी आमची नव्हती. दादा, मधुकर त्याचं नाव, बेलापूरच्या एका कचेरीतल्या साहेबांकडे ड्रायव्हर होता. त्या वेळी ती छोटी गाडी नवीनच निघाली होती. डब्यासारखी दिसायची आणि आवाज शिलाई मशीनपेक्षा थोडा जास्त. गावातल्या बायका तिला हसायच्या, पण जवळून गेली की हात लावून बघायच्या. दादाला मात्र तिचा फार अभिमान. त्याआधी तो बांधकामावरचा ट्रक चालवायचा, तेव्हा घरी आला की सिमेंटचा वास यायचा. साहेबांकडे लागल्यापासून तो पांढरा शर्ट घालायला लागला आणि बोलताना 'टेन्शन' म्हणायला लागला. आयला टेन्शन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. ती शेजारणीला सांगायची, मधूला साहेबाकडे टेन्शन मिळतं, म्हणजे तिच्या मते ते पगारासारखंच काहीतरी होतं.

आमचं घर सारसोळ्यात, खाडीच्या अंगाला. पुढे ओटी, मागे पडवी, पडवीत जाळी टांगलेली, आणि एका कोपऱ्यात माझी शिलाई मशीन. भाताची जमीन नव्या शहरासाठी गेली होती, खाडी तेवढी राहिली होती. माझी शाळा चौथीत सुटली, कारण आय मासळी घेऊन बाजाराला जायची आणि घरी कोणीतरी लागायचं. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही, आताही फार वाटत नाही. मी झंपर शिवायला शिकले आणि पंधरा-सोळाची होईपर्यंत अर्ध्या गावाचे झंपर माझ्याकडे यायला लागले. दुपारी डोंगरातल्या दगडखाणीत सुरुंग उडायचे आणि फळीवरची पितळी भांडी एकमेकांवर वाजायची. आय भांड्यांना "गप बसा" म्हणायची. सगळीकडे इमारतींचे पाये खणत होते, दिवसभर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. त्या आवाजात मशीन चालवायची मला इतकी सवय झाली होती की रविवारी काम बंद असलं की माझी शिवण वाकडी जायची. सकाळी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी, संध्याकाळी खाडीत मिळेल ते. निवट्या मिळाल्या की बाबा खूश, कारण आय त्यांचं कालवण आंबट करायची आणि बाबा वाडग्याला तोंड लावून प्यायचे. आता तिथल्या ओटीवरून खाडी दिसत नाही, इमारती दिसतात. लोक मला विचारतात, वाईट वाटतं का. खाडीचा वास किती यायचा, ते मात्र कोणी विचारत नाही.

तर साहेब घरच्या लग्नाला नाशिककडे गेले आणि गाडी दादाच्या ताब्यात ठेवून गेले. रोज पुसायची, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं, बाहेर काढायची नाही, असं सांगून गेले. दादानं ती दुसऱ्याच दिवशी गावात आणली. त्याला बाबांना दाखवायची होती. बाबा होडीजवळ होते, खाली धक्क्याला, म्हणून तो गाडी बांधावरून खाली घेऊन गेला. बांधावर बायका कालवं फोडायला बसायच्या. त्यांच्या शिंपल्यांचे ढीग तिथे वर्षानुवर्षं पडलेले, सुरीसारख्या धारेचे. चाक त्या ढिगात रुतलं. आम्ही सगळ्यांनी ढकलून बाहेर काढलं, हसलो, बाबांना गाडीत बसवून गावात एक चक्कर मारली. संध्याकाळी दादा गाडी पुसायला बसला, तर डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं.

तो दुसऱ्या दिवशी वाशीच्या गॅरेजला जाऊन आला तेव्हा तोंड उतरलेलं होतं. "रबराचं बूट फाटलंय," तो म्हणाला.

"गारीला बूट?" आय म्हणाली. "आमाला चपला मिलत नाय धड, नं हिला बूट!"

"आय, मस्करी नको. नवीन बूट मुंबईवरून मागवायला लागतं. आठवडा तरी जाईल. नं साहेब रविवारी येतात."

मग त्यानं आम्हाला गाडीखाली वाकायला लावून दाखवलं. इंजिनाकडून एक लोखंडी दांडा चाकाकडे येतो. जिथे तो चाकाला मिळतो तिथे एक सांधा असतो, त्यात गोळ्या असतात, आणि त्या सांध्यावर बाजाच्या पेटीच्या भात्यासारखं, घड्याघड्यांचं रबर असतं. आत ग्रीस. रबरामुळे ग्रीस आत राहतं आणि माती बाहेर. आमच्या गाडीचं रबर एका घडीवर दोन बोटं चिरलं होतं. गॅरेजवाल्यानं दादाला सांगितलं होतं की आत रेती गेली तर ती गोळ्यांना खाईल, आणि मग एक दिवस वळताना चाक जाम होईल. हे वाक्य दादानं आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आयलाही पाठ झालं. वळताना जाम होईल.

बाबांना ती गाडी समजेना. "मशीन पुढं," ते म्हणाले, "नं सुकानू पन पुढंच. मंग पाठी काय हाय?"

"पाठी साहेब बसतात," दादा म्हणाला.

नोकरी जाणार हे त्याला दिसत होतं. गाडी बाहेर काढली यासाठी नाही, पण बांधावर नेली, शिंपल्यांत घातली, हे कळलं की साहेब ठेवणार नाहीत, असं त्याला वाटत होतं. बाबांनी विडी विझवली आणि म्हणाले, फाटलं तर बांधू. बाबांचं सगळं आयुष्य असंच गेलं होतं. होडीला चीर गेली तर बांधायची, जाळं फाटलं तर बांधायचं, आणि बांधायचं म्हणजे घट्ट बांधायचं, इतकं की पाण्याला विचारही करता येऊ नये. गाडी जॅकवर घेतली, खाली दगड लावले. रॉकेलच्या फडक्यानं रबर पुसलं. आतलं मळलेलं ग्रीस बोटांनी खरवडून काढलं आणि होडीच्या मशीनचं ग्रीस भरलं. सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून ती सोल्युशन लावून फाटक्या भागावर गुंडाळली. वरून बाबांनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत असा आवळला की ते रबर लाकडासारखं झालं. त्यावर होडीला लावायची राळ. बाबा बाजूला झाले आणि म्हणाले, "आता दर्यात घाल तुजी गारी."

सेक्टरचे प्लॉट पाडलेलं मोकळं मैदान होतं, तिथे दादानं ती फिरवून बघितली. सरळ छान गेली. एकदा पूर्ण वळवली आणि चाकाखालून फट् आवाज आला. दोरा तुटून चाकाभोवती गुंडाळला होता, ट्यूब लोंबत होती आणि मूळची चीर आता चार बोटं झाली होती. बाबा कितीतरी वेळ उकिडवे बसून बघत राहिले. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांच्या हातची गाठ तुटली असं आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मला ते बघून झंपर आठवला, दुसरं काही नाही. "बाबा," मी म्हटलं, "झंपरची बाही अशी खांद्यापासून मनगटापर्यंत आवळली, तर हात वर जाईल का?"

"ह्यो हात नाय, चाक हाय."

"वळतं ना? मग हातच."

"पोरी, पानी शिरंल सैल ठेवला तर."

"ही होडी नाय, बाबा. हिला तरंगायचं नाय."

दादानं मला करू दिलं, कारण त्याच्याकडे दुसरा उपाय नव्हता. मी त्याला स्टेरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला लावलं, म्हणजे चीर होती तितकी उघडली. तिच्यापेक्षा मोठा तुकडा कापला, कडा काचपेपरनं घासल्या, सोल्युशन लावून वाळू दिलं आणि मग चिकटवला. त्यावर ट्यूबची दुसरी बाही घातली, सैल, चुण्या ठेवून. दोरा फक्त दोन टोकांना बांधला, जाड टोकाला एक आणि बारीक टोकाला एक, मधे काही नाही. मग दादाला दुसऱ्या बाजूला वळवायला सांगितलं. चुण्या एका बाजूला मिटल्या, दुसऱ्या बाजूला उघडल्या. मैदानात त्यानं गाडी गोल गोल फिरवली, बाबा चाकाबरोबर वाकून धावत होते आणि ओरडत होते, "हाय! हाय! हाय अजून!"

"बाय, तू गॅरेज काढ," दादा मला म्हणाला.

"आधी तुझी नोकरी राहू दे."

माझा नातू आता गाड्यांचंच काम करतो. तो सांगतो, हल्ली मुद्दाम उभं चिरलेलं रबरही विकत मिळतं, वरूनच घालायचं आणि कडा चिकटवायच्या. आणि आवळायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. तरी तात्पुरतंच समजायचं, म्हणतो, गॅरेजला पोहोचेपर्यंत. मी त्याला माझी पट्टी सांगितली तर म्हणाला, आज्जी, बरोबर केलं होतंस. बरोबर होतं हे मला त्याच्या आधी कळलं होतं. ज्या दिवशी कळलं तो दिवस चांगला नव्हता.

तो शनिवार होता. दादाला काम नव्हतं, म्हणून तो सकाळी बाबांबरोबर खाडीत गेला, जाळं काढायला. ओहोटी होती. दोघं गुडघाभर पाण्यात उभे राहून जाळं ओढत होते. त्यात एक मोठा शिंगाळा मासा आला आणि एक साप आला, दर्यातला, राखाडी पट्ट्यांचा, वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीचा. आमच्याकडे दर्यातल्या सापाला कोणी भीत नव्हतं. जाळ्यात आला की शेपटीला धरून लांब फेकायचा, एवढंच. तो चावत नाही, असं आमच्या आज्यापासून सगळे सांगत आलेले. दादानं फेकला. त्याच गडबडीत बाबांच्या तळहातात काहीतरी घुसलं आणि बाबा ओरडले. बाबा ओरडणारा माणूस नव्हता. घरी आणलं तेव्हा हात मनगटापर्यंत फुगला होता आणि ते ओटीवर गडाबडा लोळत होते.

लगेच गाव जमलं. शिंगाळ्याचा काटा विषारी असतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण काटा लागल्यावर इतकं कोणी लोळत नाही, असं हिराकाका म्हणाले. ते गावातले सगळ्यात जुने मच्छीमार, त्यांचं सगळे ऐकायचे. "जाल्यात साप व्हता ना?" त्यांनी विचारलं. "मंग सापच. एकादा चावतो पन."

"अवो, तुमी सांगा, काय चावलं?" आय विचारत होती.

"कलंना गो," बाबा म्हणाले. "हात जाल्यात व्हता. दोगं बी जाल्यात व्हती."

कोणी गरम पाणी आणलं, कोणी हळद, कोणी दंडाला दोरी बांधली, कोणी ती सोडली. दादा पायरीवर बसून पाणी पीत होता. परत परत पाणी मागत होता. आयनं त्याला म्हटलं, तू तरी खाऊन घे, आणि भाकरी-सुकट हातात दिलं. त्यानं एक घास घेतला आणि ताटली खाली ठेवली. "चाववत नाय," म्हणाला. "दाढ दुखते. अंग पन आवळून आलंय." परवा गाडी ढकलली त्याचं असेल, असं मी म्हणाले. मग तो म्हणाला, "मना पन पायाला कायतरी टोचलं पाण्यात. कालवं असतील." कालवांनी पाय कापणं आमच्याकडे रोजचं होतं. त्याच्या पायाकडे कोणी बघितलं नाही, त्यानंही नाही.

बस नुकतीच गेली होती, मासळीचा टेम्पो बाजारात होता. राहिली साहेबांची गाडी, ती तशीच गावाच्या तोंडाशी उभी होती. पनवेलला सरकारी दवाखाना होता. दादा क्षणभर थांबला. आय म्हणाली, "साहेबाला मी सांगंन. तुजा बापूस मरतोय." तो उठला, पण उठताना त्यानं खांबाला धरलं.

बाबा आणि आय मागे, मी पुढे दादाच्या शेजारी. गाडी निघाली तेव्हा माझं लक्ष सगळं चाकाकडे होतं. मी कान लावून बसले होते, पट्टीचा आवाज येतो का ऐकत. मधेच माझी नजर दादाकडे गेली. तो मान मागे टाकून, हनुवटी वर करून, नाकाखालून रस्ता बघत होता. मला वाटलं, रुबाब करतोय, अशा वेळीसुद्धा. मी म्हटलं, "नीट बस." तो काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही. त्याची जीभ जड झाल्यासारखी वाटली. मी परत विचारलं नाही, कारण मागून बाबा ओरडत होते आणि बाबांच्या ओरडण्यापुढे दुसरं काही ऐकायची सोय नव्हती. मग हमरस्ता आला. तिथे उजवीकडे वळायचं होतं. गाडी वळली नाही.

म्हणून मी खाली मातीत होते आणि हात चाकाच्या मागे होता. पट्टी चांगली होती, आणि ते मला पटत नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला होता, वळताना जाम होईल. तसंच झालं होतं, मग पट्टी चांगली कशी? मी दुसऱ्या चाकाकडे गेले. तिकडचं रबर मूळचं, नवंकोरं. मी परत पहिल्याकडे आले. मी तिथे किती वेळ घालवला ते मला सांगता येणार नाही. त्या वेळी मला तोच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटत होता. आय उतरून आली आणि तीही वाकून बघायला लागली, जणू तिला काही कळणार होतं. आम्ही दोघी गाडीखाली बघत होतो. गाडीत कोणी बघत नव्हतं.

खाणीतून खडी घेऊन एक डंपर येत होता, तो थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, मराठवाड्याकडचा उंच माणूस, डोक्याला पंचा. "काय झालं, बाई?"

"गाडी वळत नाय," मी म्हटलं. "चाकाचं रबर फाटलंय, मी बांधलंय, पण आतनं जाम झालंय. बाबांना साप चावलाय, पनवेलला न्यायचंय."

त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं, मग दादाच्या बाजूच्या खिडकीतून हात आत घातला आणि स्टेरिंग धरून फिरवलं. एका हातानं. ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं, आणि दादाचे दोन्ही हात त्यावरून घसरून त्याच्या मांडीवर पडले.

"वळतंय की," तो माणूस म्हणाला. मग त्यानं दादाची हनुवटी वर केली. दादाच्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या होत्या. तो बघत होता, पण पापण्या उचलता येत नव्हत्या. "गाडीला काय बी झालं नाही, बाई. ह्या पोराला काय झालंय ते बघा."

आय म्हणाली, "त्याला काय नाय झाला. साप ह्यांना चावलाय." आणि बाबांकडे बोट दाखवलं. मी पण मान हलवली. आम्हाला दोघींनाही दिसत होतं आणि तरी आम्ही बाबांकडेच बोट दाखवत होतो. बाबा मात्र ओरडायचे थांबले. ते पुढे वाकले, सुजलेल्या हातानं दादाचा खांदा हलवला आणि म्हणाले, "मधू? ए मधू?"

डंपरवाल्यानं दादाला उचलून माझ्या जागेवर ठेवलं, डंपर तिथेच सोडला आणि गाडी घेतली. मी आय-बाबांशेजारी मागे बसले. मागून माझा हात दादाच्या छातीवर धरून ठेवला होता, तो पुढे पडू नये म्हणून. गाडीनं रस्त्यावर वळण घेतलं, कळंबोलीजवळ घेतलं, पनवेलच्या गल्ल्यांत घेतलं. एकदाही अडली नाही. मी पट्टीचा आवाज ऐकत होते का? हो, ऐकत होते. सवय अशी लवकर जात नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, साप कोणाला चावला, आणि आयनं पुन्हा बाबांचा हात पुढे केला. डॉक्टरांनी हात बघितला, चिमट्यानं त्यातून शिंगाळ्याच्या काट्याचा तुकडा ओढून काढला आणि बाबांना बाजूला बसवलं. मग दादाचे पाय बघितले. घोट्याच्या वर दोन बारीक ठिपके होते, सुईनं टोचावं तसे. सूज नाही, रक्त नाही, काळं-निळं काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, दुखलं होतं का. दादाला बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. त्यानं बोट हलवून नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, हा साप असाच असतो, चावल्याचं फारसं कळत नाही. त्यावरचं औषध इथे नाही, श्वासाचं यंत्र नाही, मुंबईला न्या. त्यांनी अॅम्ब्युलन्स दिली. ती आलो त्याच रस्त्यानं परत गेली, आमच्या वळणावरून पुढे. डंपर अजून तिथेच उभा होता.

लवकर पोहोचलो असतो तर काय झालं असतं, ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारून काय करणार होते? लोक अशा गोष्टीला काहीतरी अर्थ लावतात. हिराकाका शेवटपर्यंत म्हणायचे की दर्यातला साप चावतच नाही, मधूला गाडीतल्या पेट्रोलची वाफ लागली. आयनं गाडीला दोष दिला, बाबांनी स्वतःच्या ओरडण्याला. बाबा त्यानंतर कधी मोठ्यानं बोलले नाहीत. मी एवढंच सांगू शकते की ज्याला दुखत होतं त्याच्याकडे सगळे बघत होते, आणि जे फाटलं होतं त्याच्याकडे मी बघत होते.

साहेब रविवारी आले आणि घरी येऊन बसले. चहा घेतला नाही. बाबांनी गाडी बांधावर का गेली, शिंपले, रबर, सगळं त्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, राहू द्या. गाडी त्यांनी दुसऱ्या माणसाकरवी नेली. नवीन रबर येईपर्यंत ती माझ्या पट्टीवरच चालली, असं पुढे त्या माणसाकडून कळलं.

त्या गाडीत सारसोळ्याहून बाबा, आय, दादा आणि मी निघालो होतो. दादा वाशीच्या पुलाच्या अलीकडे, अॅम्ब्युलन्समध्येच गेला. बाबा जगले, उजव्या हाताची दोन बोटं मात्र परत वाकली नाहीत. आय जगली. मी जगले.